परदेशी माल आणि आपली न सांगितलेली तक्रार

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण, वाचकांसाठी लिहून काढलेले.)



‘आपले लोक देशी माल सोडून परदेशी माल का घेतात?’ या विषयावर आपल्या संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात मला बोलण्यास सांगण्यात आले होते. ते भाषण स्मरणिकेसाठी लिहून द्यावे अशी संपादक मंडळाची इच्छा, म्हणून हा प्रपंच. मी अर्थशास्त्राचा पंडित नव्हे. इतिहास-भूगोल शिकविणारा एक साधा शिक्षक आहे. तेव्हा मोठमोठ्या सिद्धांतांची अपेक्षा माझ्याकडून ठेवू नये. जे डोळ्यांनी पाहिले, जे वाचले आणि ज्यात माझ्या हातून चूक झाली, तेवढेच आपल्यापुढे ठेवणार आहे.

करंज्याहून पनवेलकडे निघाले की उरण मागे पडते न पडते तोच रस्त्याच्या कडेला लोखंडी पेट्यांचे ढिगारे दिसू लागतात. न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले आणि तेव्हापासून या कंटेनरांची सोबत आपल्याला जडली. २०२४-२५ या एका वर्षात, वीस फुटी पेटीच्या मापाने मोजल्यास, सुमारे ७३ लाख पेट्यांची ने-आण या बंदरात झाली. हा आकडा मी आठवीच्या वर्गात सांगितला, तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, “सर, माझे अब्बा ट्रेलर चालवतात. ते म्हणतात, पेट्या येताना भरून येतात आणि जाताना पुष्कळ रिकाम्याच जातात. खरे काय?”

मी त्याला सांगितले की, सगळ्याच काही रिकाम्या जात नाहीत. आपला तांदूळ, औषधे, कापड, यंत्रांचे भाग आणि आपल्याच किनाऱ्यावरची मासळी याच बंदरातून बाहेर जाते. परंतु त्याच्या अब्बांचे निरीक्षण अगदीच चुकीचे नव्हते. एकट्या चीनशी असलेल्या व्यापारात २०२४-२५ साली आपण जेवढे विकले त्याहून सुमारे ९९ अब्ज डॉलरचा माल अधिक विकत घेतला. त्या मुलाला उत्तर देऊन मी खाली बसवले खरे, पण त्याच्या प्रश्नामागे दुसरा प्रश्न होता आणि तो माझ्या मनातून जाईना. एवढा माल बाहेरून येतो तो कुणीतरी घेते म्हणूनच येतो. घेणारे कोण? आपणच. मग आपण तो का घेतो?

याचे पहिले उत्तर मला माझ्या घरातच मिळाले. माझे मामू अनेक वर्षे शारजात नोकरीला होते. आखातात माणूस नाही असे घर आपल्या कोकणी मुसलमानांत विरळाच, तेव्हा पुढचे वर्णन आपल्यालाही ओळखीचे वाटेल. मामू सुट्टीवर आले की त्यांची बॅग उघडण्याचा एक समारंभच होई. साबणाच्या वड्या, दुधाच्या पावडरीचा डबा, सेंटची बाटली, ब्लँकेट अशा वस्तू एकेक करून बाहेर निघत आणि शेजारपाजारच्या बाया त्या हातात घेऊन वास घेऊन पाहत. एका वर्षी त्यांनी जाड, मऊ टॉवेलांची जोडी आणली. अम्मीने ती पेटीत ठेवली. आम्हा मुलांना त्यांना हात लावण्याची परवानगी नव्हती. पाहुणे आले म्हणजे तो ‘शारजाचा टॉवेल’ बाहेर निघे.

पुढे बी.एड.ला असताना मी एकदा घरी आलो आणि त्या टॉवेलाच्या किनारीला शिवलेली बारीक चिठ्ठी वाचली. तिच्यावर ‘मेड इन इंडिया’ असे लिहिले होते. गावाचे नाव नव्हते, पण आखातात जाणारे टॉवेल आपल्या सोलापुरात विणले जातात हे मला ठाऊक होते. मी हसत हसत अम्मीला ती चिठ्ठी दाखविली. मला वाटले ती खजील होईल. ती मुळीच खजील झाली नाही. म्हणाली, “असू दे की. आला तर तिकडूनच ना? तिकडे खराब माल चालत नाही.”

वाचकहो, माझी अम्मी चौथी शिकलेली. पण तिने त्या दिवशी जे सांगितले ते मला कोणत्याही पुस्तकात इतक्या थोडक्यात सापडले नाही. तिला परदेशाचे वेड नव्हते. तो टॉवेल कुठे तयार झाला यापेक्षा तो कुणी पारखून घेतला याच्यावर तिचा भरवसा होता. जो माल शारजाच्या गिऱ्हाइकाने स्वीकारला तो चांगलाच असणार, आणि जो आपल्या बाजारात येतो त्याची काही शाश्वती नाही, असा तिचा अनुभव होता.

पुढे जाण्यापूर्वी एक गैरसमज दूर केला पाहिजे. परदेशी माल घेणे हे काही पाप नव्हे. आपला कोकणी मुसलमान समाज तर दर्यावरच्या व्यापारातूनच उभा राहिला. आपल्या करंज्यासमोर खाडीपलीकडे रेवस आहे आणि तेथून पुढे अलिबागच्या दक्षिणेस चौल. अरब प्रवासी अल्-मसूदी दहाव्या शतकाच्या आरंभी या चौलात आला होता. अरब लोक चौलला सैमूर म्हणत. तेथे नांदणाऱ्या मुसलमान व्यापाऱ्यांच्या मोठ्या वस्तीचे वर्णन त्याने लिहून ठेवले आहे. त्या काळी अरबस्तानाकडून घोडे आणि खजूर येत आणि इकडून कापड व मसाल्याचे पदार्थ जात. घेणारा देणाराही होता. तेव्हा परदेशी माल येतो याचे दुःख करण्याचे कारण नाही. दुःख करायचे ते आपला माल आपल्याच माणसाच्या मनातून उतरला याचे.

ही चिंता नवी नाही. महाराष्ट्रात ती शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच सुरू झाली. सार्वजनिक काका म्हणून ओळखले जाणारे गणेश वासुदेव जोशी १८७७ च्या दिल्ली दरबाराला हातांनी कातलेल्या सुताचे कपडे घालून गेले होते. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून एकेक पैसा गोळा करून पैसा फंड उभारला आणि त्यातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला. खिलाफतीच्या दिवसांत अली बंधूंची वृद्ध माता बी अम्मा खादीचा प्रचार करीत देशभर फिरली. आणि १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत काळबादेवीला परदेशी कापडाने भरलेली लॉरी अडविताना बाबू गेनू हा गिरणीकामगार तिच्याखाली चिरडला गेला. परदेशी कापड ही त्या पिढीला प्राण देण्याइतकी गंभीर गोष्ट वाटत होती, हे आज लोखंडी पेट्यांच्या रांगेतून वाट काढताना आपण क्षणभर तरी आठवावे.

ज्यांनी १९४२ च्या आंदोलनाला ‘छोडो भारत’ ही घोषणा दिली ते मुंबईचे तत्कालीन महापौर युसुफ मेहेरअली याच परंपरेतले. त्यांच्या नावाचे केंद्र आपल्या पनवेल तालुक्यातच तारा या गावी १९६० च्या दशकापासून काम करीत आहे. साबण, घाणीचे तेल, मातीची भांडी असे ग्रामोद्योग तेथे चालविले गेले. मुंबई-गोवा रस्त्याने जाताना आपल्यापैकी कितीजण तेथे उतरून साबणाची एक वडी घेतात, हा प्रश्न मी स्वतःलाही विचारतो आहे.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. पूर्वी परदेशी मालावर बहिष्कार लोक घालीत, आता तो सरकारनेच घातला. आयातीवर परवाने आले, जबर जकात आली. देशी कारखान्यांना वाढण्यासाठी सवड मिळावी हा त्यामागचा हेतू चांगलाच होता, आणि त्या सावलीत पोलाद, यंत्रे, औषधे यांचे मोठमोठे उद्योग उभे राहिले हेही मान्य केले पाहिजे. परंतु रोजच्या वापराच्या वस्तूंत एक वेगळाच परिणाम झाला. गिऱ्हाइकाला दुसरीकडे जायला वाव नसला की दुकानदार आणि कारखानदार दोघेही निर्धास्त होतात. स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षे थांबत. आवडीनिवडीचा प्रश्नच नव्हता. मिळाली हेच भाग्य.

त्याच काळात आपल्या कोकण किनाऱ्यावर रात्री-अपरात्री सोने, घड्याळे, टेरिलीनचे कापड उतरत असे, हे आपल्या वडीलधाऱ्यांना माहीत आहे. मुंबईत मुसाफिरखाना आणि मनीष मार्केट या नावांना एक वेगळाच वास होता. उल्हासनगरात तयार झालेल्या मालावर ‘मेड ॲज यू.एस.ए.’ असे छापतात आणि त्या यू.एस.ए.चा अर्थ उल्हासनगर सिंधी असोसिएशन, असा विनोद लोक सांगत. विनोदाचा भाग सोडा, पण त्यातले मर्म पाहा. आपल्याच कारागिराने आपल्याच हाताने केलेली वस्तू आपल्याच नावाने खपणार नाही, अशी त्याची खात्री झाली होती. ‘फॉरेनचा माल’ हा शब्द मराठीत उत्तम मालाचा पर्याय होऊन बसला तो याच काळात. चोरट्या वाटेने आलेली वस्तू अव्वल आणि सरळ दुकानातली दुय्यम, असा उलटा हिशेब आपण शिकलो.

१९९१ नंतर दारे उघडू लागली. १ एप्रिल २००१ रोजी उरलेल्या ७१५ वस्तूंवरचे आयातीचे निर्बंधही उठले. आता चोरट्या वाटेची गरज राहिली नाही, माल उजळ माथ्याने आपल्याच बंदरात उतरू लागला. चीनचा माल स्वस्त पडतो याचेही कारण आहे. एकेका वस्तूचे लाखो नग एका ठिकाणी काढले की दर नगामागचा खर्च उतरतो, आणि कारखान्याजवळच कच्चा माल, सुटे भाग, बंदर अशी सर्व सोय असली की आणखी उतरतो. आपला छोटा कारागीर त्या दराला कसा पुरणार? म्हणून चार पैसे वाचविण्यासाठी बाहेरचा माल घेणाऱ्या गरिबाला देशभक्तीचे व्याख्यान देणे मला योग्य वाटत नाही. तीन मुलांना दप्तर-पाणी पुरवणाऱ्या बापाला प्रत्येक रुपया मोजावा लागतो.

दुसरे कारण प्रतिष्ठेचे. लग्नात, साखरपुड्यात ‘इम्पोर्टेड आहे’ हे दोन शब्द उच्चारले की वस्तूची किंमत दुप्पट वाटते. हा दुबळेपणा आपल्यात आहे आणि तो कबूल केला पाहिजे. परंतु केवळ स्वस्ताई आणि केवळ मिरवण्याची हौस या दोन कारणांनी सगळा उलगडा होत नाही. तिसरे कारण अम्मीने सांगितले तेच, भरवशाचे. आणि हा भरवसा कसा जातो, हे मला एका दप्तराच्या प्रकरणात समजले. त्यात दोष माझा आहे, म्हणून तो सविस्तर सांगतो.

काही वर्षांपूर्वी मी आग्रह धरला की, आपल्या शाळेतल्या गरजू मुलांना दरसाल जी दप्तरे वाटली जातात ती मुंबईच्या घाऊक बाजारातून न आणता आपल्याच मोहल्ल्यातल्या बायांकडून शिवून घ्यावीत. चार घरांत शिलाई मशीन होत्या, हात चालणारे होते, पण काम नव्हते. सर्वांनी माझे म्हणणे मानले. साठ दप्तरे शिवून झाली. मी त्यांना कापड आणून दिले, वेळ ठरवून दिली, पैसे वेळेवर दिले. एक गोष्ट दिली नाही, ती म्हणजे नमुना. दप्तर किती वजन पेलले पाहिजे, बंद कुठे आणि किती टाक्यांनी पक्का केला पाहिजे, हे मी सांगितले नाही. मलाच ते कळत नव्हते. गरिबांना काम दिले याच समाधानात मी होतो.

दिवाळीच्या सुट्टीपूर्वीच बंद उसवू लागले. चेन बिघडल्या. पालक कुरकुरले आणि ते बरोबरच होते. पुढच्या जूनमध्ये आम्ही गुपचूप बाजाराकडे वळलो. चित्राची, चकचकीत, परदेशातून आलेली दप्तरे आणली. दर थोडा कमीच पडला. कुणी काही बोलले नाही. प्रकरण संपले असे मला वाटले.

साताठ महिन्यांनी त्या बायांपैकी एक आपा मला मशिदीजवळच्या दुकानापाशी भेटल्या. वयाने माझ्याहून मोठ्या. त्यांनी रागाने नव्हे, संकोचानेच विचारले, “सर, यंदा दप्तराचे काम आले नाही. आमचे काही चुकले काय?” मी सांगितले, “आपा, बंद उसवले.” त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “मला कुणी सांगितलेच नाही. सांगितले असते तर मी सगळी परत घेऊन रातोरात दुहेरी टीप मारून दिली असती.”

वाचकहो, त्या दिवशी घरी जाताना मला स्वतःची शरम वाटली. साठ दप्तरे उसवली हे शाळेला माहीत, पालकांना माहीत, वाण्याला माहीत. फक्त जिने ती शिवली तिलाच माहीत नव्हते. आम्ही तक्रार केली नाही, केवळ पाठ फिरविली. परदेशी माल घेणारा गिऱ्हाईक नेमके हेच करतो. तो देशी कारागिराला शिक्षा करतो, पण गुन्हा काय ते सांगत नाही. आणि ज्याला चूक कळत नाही तो ती सुधारणार कशी?

आता याच्या उलट बाजू पाहा. तीही आपल्या करंज्यातच आहे. करंजा हे रायगड जिल्ह्यातले मासेमारीचे मोठे बंदर. एकाच होडीतून उतरलेल्या मालाचे धक्क्यावर दोन भाग होतात. निर्यातीला जाणारी कोळंबी, माकूल वेगळी काढली जाते, तिच्यावर बर्फ अधिक पडतो, ती निवडली जाते, तोलली जाते आणि तळोज्यासारख्या ठिकाणच्या कारखान्यांकडे रवाना होते. उरलेली आपल्या बाजारात येते. हात तेच, होडी तीच, दर्या तोच. फरक एवढाच की, एकीकडे घेणारा काटेकोर आहे आणि दुसरीकडे घेणारा ‘चालेल’ म्हणणारा आहे. दुकानदार शर्टाच्या कापडाची स्तुती करताना ‘एक्सपोर्ट क्वालिटी’ म्हणतो, त्यातही हीच कबुली दडलेली असते की, चांगले ते बाहेरच्यासाठी.

काही वर्षांपूर्वी अमेरिकेने आपल्या समुद्रात पकडलेली कोळंबी घेणे थांबविले. कारण असे की, आपल्या ट्रॉलच्या जाळ्यात समुद्री कासवे अडकून मरतात आणि त्यांना निसटून जाण्याची सोय नसते. आपल्या मच्छीमारांचे त्यात नुकसान झाले आणि ती अट त्यांना जाचक वाटते, हे खरे. परंतु त्या गिऱ्हाइकाने कारण सांगितले. म्हणून कोचीच्या केंद्रीय संस्थेतील शास्त्रज्ञांना कासव सुटून जाईल आणि कोळंबी आत राहील असे साधन तयार करता आले. नाकारलेला माल आणि त्यासोबत स्पष्ट कारण, एवढे मिळाले की सुधारणेला निदान वाट तरी फुटते.

आपल्या देशात भरवशाचा माल होतच नाही असे मात्र कुणी समजू नये. पनवेलमध्ये १८७२ साली स्थापन झालेला धूतपापेश्वरचा आयुर्वेदिक औषधांचा कारखाना दीडशे वर्षे टिकून आहे. मासेमारीची जाळी घ्या. वाई आणि पुण्याच्या गरवारे कारखान्यांत बनणारी जाळी आपल्या दर्यावर चालतातच, शिवाय परदेशांतल्या मत्स्यशेतीसाठीही जातात. जाळे फाटले तर कोळ्याचा हंगाम बुडतो. त्यामुळे जाळे घेताना तो मिरवण्याचा विचार करीत नाही, टिकाऊपणा पाहतो. घड्याळांचे उदाहरण तर फार बोलके आहे. ज्या काळात मनगटावर चोरट्या आयातीचे घड्याळ असणे ही शान होती, त्या काळात १९८४ साली टायटनची स्थापना झाली आणि तमिळनाडूतील होसूरच्या कारखान्यातून नव्या पद्धतीची देखणी, अचूक घड्याळे निघू लागली. लोकांनी ती आपणहून घेतली, भेट म्हणून दिली. त्यासाठी कुणाला शपथ घ्यावी लागली नाही की होळी पेटवावी लागली नाही.

या ठिकाणी आपल्या सर्वांना परिचित असलेला एक प्रसंग आठवतो. हजरत मुहम्मद पैगंबर (स.) एकदा बाजारातून जात असता धान्याच्या एका राशीपाशी थांबले आणि त्यांनी राशीत हात घातला. आत धान्य ओले लागले. विचारता व्यापारी म्हणाला की, पावसाने भिजले. त्यावर हुजूरांनी त्याला विचारले की, मग ओला भाग वर का ठेवला नाहीस, म्हणजे लोकांना दिसला असता. आणि फसविणारा आपल्यातला नव्हे असे बजावले. यात मला दोन गोष्टी दिसतात. एक, विकणाऱ्याने दोष लपवू नये. दुसरी, ती आपण सहसा लक्षात घेत नाही. हुजूर वरवर पाहून पुढे निघून गेले नाहीत. त्यांनी हात आत घालून पाहिले आणि दोष त्या माणसाला तोंडावर सांगितला.

मग आपण करावे काय? घेणाऱ्याने प्रथम पारखायला शिकावे. वस्तूवर आय.एस.आय.चे चिन्ह आहे की नाही ते पाहावे. मुलांच्या खेळण्यांवर तर १ जानेवारी २०२१ पासून हे चिन्ह सक्तीचे आहे, मग खेळणे देशी असो वा परदेशी. पावती मागावी. वस्तू बिघडली तर ती कोपऱ्यात टाकून नवी आणण्याऐवजी दुकानात परत न्यावी आणि काय बिघडले ते सांगावे. ग्राहक संरक्षणाचा कायदा १९८६ साली झाला आणि २०१९ साली तो नव्याने झाला. तो दिवाणखान्यात चर्चा करण्यासाठी केलेला नाही. आपल्यात तक्रार करणे म्हणजे भांडण करणे असे समजले जाते. माझ्या मते ती कारागिराला दिलेली मदत आहे.

करणाऱ्यांनी परत आलेल्या मालाचा राग मानू नये. गिऱ्हाईक परत आला म्हणजे त्याने अजून आशा सोडलेली नाही. जो न बोलता निघून गेला तो कायमचा गेला. ‘आपला माणूस आहे, घेईलच’ या भरवशावर चाललेला धंदा फार दिवस चालत नाही, आणि समाजाच्या नावावर तर मुळीच चालू नये.

आणि आपण शिक्षकांनी काय करावे? आपल्या मुलांपैकी अनेक जण पुढे बंदरात, गोदामात, ट्रेलरवर काम करतील. ते मानाचेच काम आहे. पण सर्वांनीच दुसऱ्याने केलेल्या मालाच्या पेट्या उचलायच्या आणि कुणीच काही घडवायचे नाही, असे होऊ नये. आय.टी.आय.ला जाणाऱ्या मुलाकडे आपण नापासांच्या रांगेतला म्हणून पाहतो, ही सवय सोडली पाहिजे. वर्गात मोजपट्टीने रेघ मारताना एक मिलिमीटर चुकली तर ती पुन्हा मारायला लावावी. त्या एका मिलिमीटरची किंमत पुढे त्याच्या हातच्या दाराला, खिडकीला, यंत्राच्या भागाला येणार आहे.

आता त्या दप्तरांचे काय झाले ते सांगून संपवतो. आपांच्या भेटीनंतर मी बाजारातले एक चांगले परदेशी दप्तर विकत घेतले आणि ते घेऊन त्यांच्या घरी गेलो. आम्ही ते उसवून पाहिले. बंदाखाली आतून कापडाचा जादा तुकडा होता आणि टीप चौकोनात फिरवून वर आडवी-तिडवी मारली होती. आपा म्हणाल्या, “एवढेच ना?” दुसऱ्या दिवशी त्यांनी एक नमुना शिवून आणला. मी त्यात आठवीची सर्व पुस्तके भरून ते पंधरा दिवस खिळ्याला टांगून ठेवले. बंद उसवला नाही. मग त्यांनी तीस दप्तरे शिवली. त्यातली सहा मी परत केली आणि प्रत्येकाला कारणाची चिठ्ठी लावली. सहाही दुरुस्त होऊन आली. दर बाजारापेक्षा अजून थोडा जास्त पडतो, हे लपविण्याचे कारण नाही. पण ती तीस दप्तरे परीक्षेपर्यंत टिकली, आणि बाजारची चकचकीत त्याआधीच फाटली होती.

म्हणून संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना माझी जाहीर विनंती आहे की, येत्या जूनच्या वाटपातली निदान निम्मी दप्तरे या चार घरांतून घ्यावीत. दयेपोटी घेऊ नयेत. नमुना कार्यालयात टांगून ठेवावा, प्रत्येक दप्तर त्याच्याशी ताडून पाहावे आणि कमी पडेल ते कारणासह परत करावे. आपण वाचकांपैकी जे पालक असाल त्यांनीही ते हातात घेऊन, बंद ओढून पाहावा आणि उणीव दिसली तर आपांना सांगावी. त्या ऐकून घेतील, हे मी अनुभवाने सांगतो.

अल्लाह आपल्याला खरे मोजण्याची, खरे बोलण्याची आणि खरे ऐकून घेण्याची तौफीक देवो. आमीन.